उघाडीच्या फळ्या

गावपळणीच्या आदल्या दिवशी शिवा अंगणात उघाडीच्या फळ्यांना तेल लावत बसला होता. काजूच्या टरफलांचं तेल ते, काळंकुट्ट, हाताला लागलं की कातडं सोलून निघतं. आमच्या खाडीकाठी बांध आहे, बांधाच्या आत गावाचा सगळा मळा आणि बांधात एकच दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती आली की फळ्या बसवून खारं पाणी अडवायचं. हे काम शिवाच्या घराण्याकडे. आज्याने केलं, बापाने केलं, आता हा करतो.

"सगळ्यो फळयो आजच काडलंस?" मी विचारलं.

"मगे कदी? तीन दिस गावात कोण नाय. कोण पाय देवचो नाय, कोंबो हगाचो नाय. झकास सुकतली. ह्या दिसांत भरतीचां पाणी उघाडीपर्यंत चडणां नाय."

आमच्याकडे दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट शिवेबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, राहायला जातो. तीन दिवस, तीन रात्री, हीच गावपळण. तेवढा वेळ गाव देवाचा. चूल पेटायची नाही, माणसाचं पाऊल उमटायचं नाही. मोडलं तर काय होतं ते कोणालाच ठाऊक नाही, कारण आजवर कोणी मोडलेलंच नाही.

शिवाची मुलगी सलोनी सावंतवाडीला कॉलेजात शिकते. ती ओट्यावरून म्हणाली, "बाबा, फळयो बसवा. परवा अवसेची मोटी भरती आसा आणि दर्यात वादळ उठलां हा. मोबाईलवर इलां."

"मार्गेसरात वादळ? दसऱ्यानंतर दर्यो निजता गो. म्हातारो सांगी."

"आता खंय निजता? दर्याचां पाणी तापलां हा. म्हणान वादळां वाढली, खंयच्याय म्हयन्यात येतत. भरती पण वर चडता."

"तापाक तो काय न्हाणयेतलो हंडो?" शिवा हसला आणि मीही दात काढले. हसायला आमच्या बापाचं काय जात होतं? यंदाच दसऱ्याला अवकाळी पाऊस लागून कापणीला आलेलं भात आडवं झालं होतं आणि शेतातच रुजलं होतं. गेल्या वर्षी दिवाळीत वादळ, त्याच्या आधी मे महिन्यात. सगळं कळत होतं, पण वळत नव्हतं. वाडवडलांचा हिशेब हाडात बसलेला असतो, तो मोबाईलवर येणाऱ्या इशाऱ्याने निघत नाही.

यंदा उरलं होतं ते फक्त वायंगण, म्हणजे पावसानंतरचं दुसरं भात. त्याचा तरवा, लावणीची रोपं, मळ्यात वीतभर झाला होता. शिवाच्या बायकोने, मथुरेने, घरातलं शेवटचं बी त्यात टाकलं होतं. तो तरवा जगला तरच वर्षाचा भात होता.

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर वारा फिरला. झावळ्यांच्या खोपी उडाल्या, पोरं आयांच्या पदराखाली शिरली. सड्याच्या टोकावरून खाली मळा दिसत होता, आणि बांधातली ती उघडी बोडकी उघाडीसुद्धा. दर्या गर्जत होता, जूनमध्ये गर्जतो तसा.

शिवा धावत बाळा गावकारांकडे गेला. गावाचं देवाशी होणारं सगळं बोलणं त्यांच्या तोंडून.

"बाळाकाका, माका सोडा. फळयो बसवन येतंय. अर्दो तास लागात."

"भरती कदी?"

"बाराक."

नऊ वाजले होते. गावकार मळ्याकडे बघत राहिले. त्यांचे कुणगे, भातशेतीचे तुकडे, तर मळ्यात सर्वांत जास्त. "माजी शेती नाय काय रे थंय?" ते म्हणाले. "पण आज गाव देवाचो. कौलाबिगर पाय घालूक मेळाचो नाय."

"मगे घेवा कौल!" मथुरा मागून ओरडली.

"कौल देवळात घेतत, आणि देवूळ गावात."

"म्हणजे कौल घेवक जावचां तर आदी कौल व्हयो? ह्यो खंयचो न्याय?"

शिवा शिवेच्या दगडापर्यंत तीनदा गेला आणि तीनदा परत आला. तिसऱ्या खेपेला मथुरेने त्याचा दंड धरला. "जावा तुमी! पाप लागला तर माज्या माथ्यार."

"आणि उद्या कोणाचां पोर मेलां, कोणाचो पाडो मेलो, तर गाव कोणाच्या नावान बोटां मोडतलो? हंयच रवाचां आसा आपणाक."

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. 'चल, मी येतो' एवढे तीन शब्द माझ्याने बोलवले नाहीत. माझीही पोरं होती, माझाही पाडा होता. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

बाराला पाणी आलं. गावकारांनी दर्याकडे तोंड करून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, लेकरांचां राखण कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मथुरा तेवढी उघाडीकडे बघत होती. तिथून तांबूस पाणी आत घुसत होतं, आधी पाट भरला, मग पहिला कुणगा, मग एकेक करत सगळे. अर्ध्या तासात मळा आणि खाडी एक झाली.

आता हे मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागणार. सलोनी खडकावर बसून रडत होती.

चौथ्या दिवशी गावकार आणि मानकरी कौलासाठी देवळात निघाले. मथुरा त्यांच्या मागोमाग चालू लागली. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. शिवा गेला, मीही गेलो.

देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाव भरायचा का, म्हणजे परत राहायला यायचं का, ते विचारलं, आणि बऱ्याच वेळाने उजवी पडली. गावकार उठायला लागले तेव्हा मथुरा म्हणाली, "काका, आजून एक विचारा."

"काय गो?"

"परवा ह्ये फळयो बसवक इल्ले आसते, तर देवाक चल्लां आसतां काय?"

मानकरी कुजबुजले. गावकारांनी पाकळ्या पुन्हा भिजवल्या आणि लावल्या. "बा देवा म्हाराजा, शिवा फळयो बसवक इल्लो आसतो तर तुका चल्लां आसतां? चल्लां आसतां तर उजवी दी."

कधी कधी कौलाला तास तास बसावं लागतं. त्या दिवशी गावकारांनी हातसुद्धा जोडले नव्हते, तोच उजवी पाकळी पडली.

गावकार भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मथुरा पदर खोचून बाहेर पडली.

शिवाच्या घरी अंगणात फळ्या पडल्या होत्या. तेल छान सुकलं होतं, वर एक पाऊल नव्हतं. शिवाने एक फळी उचलली.

"बैल गेलो नि झोपो केलो," मथुरा म्हणाली. "आता कित्याक?"

"ओहोटीक आतलां पाणी सोडूक व्हयां, भरतीक नवां अडवक व्हयां. आणि पुनवेची मोटी भरती तेरा दिसांवर इली."

मथुरेने फळीचं दुसरं टोक उचललं.