पिवळ्या साडीतला दोष

अणदूरला योगीराज महाराजांच्या शेडबाहेर भरदुपारी चपलांचा ढीग आणि आत प्रत्येकाच्या हातात मोबाईल. महाराज मोबाईलच्या स्क्रीनवरच्या फोटोवर तीर्थाचा बारीक थेंब सोडून भविष्य सांगत. दैवी शक्तीनं काळाप्रमाणं बदल केला होता. भक्तांचं तेवढं राहून गेलं होतं.

बंडप्पांनी होणाऱ्या सुनेचा, गायत्रीचा साखरपुड्यातला फोटो पुढं केला. अंगावर पिवळी साडी. लग्न आठ दिवसांवर. थेंब पडला आणि महाराज दचकले. दचकण्याचा त्यांना चांगला सराव होता.

"पिवळं कुठं हाय? नुसते लाल अन् हिरवे कण! लाल म्हंजी कोप, हिरवं म्हंजी इख. हिच्या अंगाला हळद ठरत न्हाय!"

रांगेतल्या माझ्यासकट सगळ्यांनी वाकून पाहिलं. थेंबात खरंच लाल-हिरवे ठिपके होते.

"सोयरीक मोडली," बंडप्पा म्हणाले. त्यांचा इंजिनिअर मुलगा श्रीशैल वर शेडच्या पत्र्याकडं बघत राहिला.

गायत्री कळंबला विज्ञान शिकवते. तिलाही मुद्दाम बोलावलं होतं. तिनं महाराजांच्या ताटातलं लिंबू उचललं, त्यावर थेंब टाकला.

"मामा, रंग कोणता?" तिनं बंडप्पांना विचारलं.

"पिवळाच की."

मग तिनं लिंबाचा फोटो काढला आणि त्यावर थेंब टाकला. लाल, हिरवे ठिपके!

"आता लिंबाचंबी लग्न मोडायचं?"

शेड हसली.

"थेंब म्हणजे भिंग, मामा. स्क्रीनमध्ये पिवळा दिवा नसतोच. लाल, हिरवे, निळे बारके ठिपके असतात. पिवळं दाखवायला लाल-हिरवे पेटतात. लिंबाच्या पिवळ्या उजेडानं डोळ्यातल्या ज्या पेशी जाग्या होतात, त्याच ह्यांनीबी होतात. मेंदूला दोन्ही पिवळंच."

"लिंबालाच नजर लागलीय!" महाराज गरजले. चौघांनी माना डोलावल्या. मी कपाळावर हात मारला. तोही चौघांना नमस्कार वाटला.

बंडप्पा नरमले. "तारीख कायम. पण एक बारकी शांती करून घिऊ."

गायत्री श्रीशैलकडं वळली. "तुम्ही तर हे शिकलाय. मग का बोलला न्हाई?"

"अप्पा म्हणतील तसं."

"मग सोयरीक मीच मोडते. पुढं घरात कुणी माझ्यावर थेंब टाकला, तर तुम्ही तवाबी पत्राच बघाल."

ती एसटीनं कळंबला गेली. शेडमध्ये पुढचा नंबर पुकारला गेला.

वाचकहो, पाण्याचा थेंब तुमच्याही घरी आहे. कुणाच्या लेकीला दोष देण्याआधी तो एकदा आपल्या हातानं टाकून बघा. एवढंच मागणं आहे, आणि तेही दरवर्षी नव्यानं मागावं लागतं.