टॉस्ट्रूडच्या काट्यावरची मिट्झी

गिरणीला शंभर वर्षं झाली म्हणून गावाने मला तिचा इतिहास लिहायला सांगितला. मी हॅल्वर टॉस्ट्रूडची नात, अडतीस वर्षं गिरणीच्या वजनकाट्यावर बसलेली. दुसरं कोण लिहिणार? पण खरं सांगायचं तर आमच्या गिरणीचा इतिहास म्हणजे कुत्र्यांचा इतिहास.

१९३१ साली आजोबांनी ट्रक तोलायचा काटा बसवला. मिलवॉकीहून आलेल्या कारागिराने तो शून्यावर लावला, कॉफी घेतली आणि गेला. मग आजोबांच्या लक्षात आलं, काट्याच्या कोपऱ्यात बस्टर झोपला होता. म्हणजे काटा साठ पौंडांच्या कुत्र्यासकट शून्यावर!

"एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पुन्हा कुठे त्रास द्यायचा," आजोबा म्हणाले. विस्कॉन्सिनमधले आम्ही नॉर्वेजियन लोक एक वेळ दात उपटून घेऊ, पण कुणाला त्रास देणार नाही.

तेव्हापासून ट्रकचा हॉर्न वाजला की काट्यावर साठ पौंडांचा कुत्रा येऊन बसतो. जाड झाला तर खुराक कमी. हलका झाला तर पाठीवरच्या पिशवीत घोड्याचे नाल. त्यापेक्षा साठ पौंडांचं पोतं ठेवा, असं एका मास्तरांनी सुचवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी गाव सोडलं.

जुना सरकारी निरीक्षक गावचाच. कुत्र्याला बिस्कीट द्यायचा, शिक्का मारायचा, जायचा. यंदा तो निवृत्त झाला आणि ऐन मक्याच्या सुगीत क्रेग पुल्व्हरमाकर नावाचा नवा पोरगा आला. काटा चुकला तर गिरणी बंद. आणि आमची मिट्झी तेरा वर्षांची, पन्नास पौंडांवर आलेली. दहा नाल पाठीवर घेऊन तिला धड उभंही राहवत नव्हतं. तिच्याकडे बघून माझा जीव तुटायचा, पण तिला सोडवणार कशी?

क्रेगने आपली वजनं ठेवून पाहिली. अगदी बरोबर. मग म्हणाला, "बाई, कुत्री खाली घ्या."

"ती काट्याचाच भाग आहे."

"कुत्री?"

"अरे पोरा, काटा तिच्यावरच चालतो!" मका घेऊन आलेला डेल्बर्ट ट्रकमधून ओरडला. "शाळेत शिकवलं नाही वाटतं?"

क्रेगने मिट्झीला उचलून खाली ठेवलं, काट्याच्या बाजूचं खोकं उघडलं आणि आतला स्क्रू फिरवला. काटा शून्यावर. त्र्याण्णव वर्षांचा घोळ दोन मिनिटांत मिटला. मला इतका राग आला की काय सांगू.

डेल्बर्टने हॉर्न वाजवला. मिट्झी उठली, नालांसकट फरफटत गेली आणि काट्याच्या कोपऱ्यात आडवी झाली. क्रेगने तिला उतरवलं. ती परत गेली. तिसऱ्यांदा तो वैतागला.

"बांधून ठेवा हिला."

"बारा वर्षं नोकरी केलीय तिने. तूच बांध."

तो तिच्याजवळ उकिडवा बसला. तिने त्याचा हात चाटला. मग त्याने तिच्या पाठीवरची पिशवी सोडली, दहाही नाल माझ्या हातात दिले आणि मिट्झीला तिथेच झोपू देऊन स्क्रू उलटा फिरवला.

"आता पन्नासावर लावलाय," तो कुजबुजला. "अजून हलकी झाली तर कळवा. येऊन पुन्हा लावीन."

"एवढ्या लांबून तुला पुन्हा कशाला..." मी सुरुवात केली. हातातले नाल भलतेच जड होते.

"दर सोमवारी ये," मी म्हणाले.