नळाजवळची वंदना

अंबूबाईंनी बुद्धमूर्तीपुढची न पेटवलेली मेणबत्ती उचलली, काडेपेटी कमरेला खोचली आणि विहाराबाहेर चालू लागल्या.

रविवारची वंदना त्यांनी मेणबत्ती लावल्याशिवाय सुरू होत नसे. पांढऱ्या साड्यांतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. विहाराचा सचिव दयानंद माइक धरून तसाच उभा राहिला.

के. आर. पुरमच्या त्या गल्लीला पाणी मिळे ते विहाराच्या अंगणातल्या नळावर. आता नव्या कुंपणाची भिंत नळाच्या पुढून आली होती. तिच्यातली उरलेली फट उद्या गवंडी बुजवणार होता. मग नळ आत, गल्ली बाहेर, आणि फाटकाला कुलूप.

अंबूबाई नळाच्या कट्ट्यावर मेणबत्ती लावून खाली बसल्या. ड्रम भरत असलेली शेजारची मथुरा गोंधळून मागे सरली.

"भर गं तू. वंदना आहे आमची, संप नाही."

दयानंद बाहेर आला.

"अक्का, हे काय? आत चला की."

"आतून मला नळ दिसत नाही रे."

"ड्रमांच्या आवाजात ध्यान होत नाही. कमिटीनं ठरवलंय."

"कमिटीत मीपण होते. तेव्हा कमिटी म्हणजे चार बायका आणि एक पाना." त्यांनी मेणबत्तीला हाताचा आडोसा केला. "निपाणीकडनं इमारती बांधायला आलो, तर या परक्या शहरात कुणी आपल्या नळावर घागर टेकू देईना. म्हणून आधी हा नळ बसवला. उरलेल्या पत्र्याखाली बुद्धाची तसबीर ठेवली. तुझा विहार नंतरचा, दया."

"म्हणून गल्लीनं जन्मभर इथंच भांडायचं?"

"भांडू दे की. घागर टेकून भांडतात ना."

एकेक करून बायका चटया घेऊन बाहेर आल्या. शेवटी माइक आत ठेवून दयानंदही आला. जागा उरली होती ती ड्रमांच्या रांगेत. तिथंच तो मांडी घालून बसला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळ्यांनी डोळे मिटले, तसा मथुरानं संकोचून नळ बंद केला. तिचा ड्रम अर्धाच भरला होता.

दयानंद उठल्याची चाहूल लागली. अंबूबाईंनी एक डोळा किलकिला केला. उठायच्या तयारीनं त्यांचा हात जमिनीवर टेकला.

दयानंद मथुराच्या ड्रमावर वाकला आणि त्यानं नळ पूर्ण सोडला.

पाण्याचा भलामोठा आवाज झाला. अंबूबाईंनी हात मांडीवर घेतला आणि डोळा मिटला.