झेपने लावलेली वाट

शैलाला कोणी मत विचारलं की तिला आधी संशयच यायचा. लोणावळ्यात बंगल्यांची बुकिंग घेणाऱ्या त्या ऑफिसात तिची अर्धी नोकरी सरली होती, आणि एवढ्या काळात मालक दिगंबररावांनी तिला विचारलेला सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे पंखा बंद करू का. त्यामुळे एका सकाळी ते स्वतः खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "शैलाताई, तुमचं अगदी प्रांजळ मत हवंय," तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला.

प्रकरण असं होतं. दिगंबररावांच्या पुतण्याने, श्रीयशने, पुण्यातल्या मित्रांच्या साथीने एक नवा ब्राउझर काढला होता. नाव 'झेप'. ऑफिसातल्या सगळ्या डेस्कटॉपवर तो घातला जाणार होता. शैलाने काही दिवस तो वापरायचा, जुन्यांशी ताडून बघायचा आणि काय वाटलं ते मोकळेपणाने लिहायचं.

जुने म्हणजे दोन. त्यांची खरी नावं या ऑफिसात कोणी घेत नसे. समोरच्या टेबलावर बसणाऱ्या राजेश्वरीने आल्या आल्या त्यांचं बारसं केलं होतं. ही राजेश्वरी कान्हे गावची, शेतकऱ्याघरची, कामाला वाघ आणि तोंडाला त्याहून. एकाच्या चिन्हात रंगीत गोल होता म्हणून ती 'चकती', आणि दुसऱ्यावर शेपूटवालं जनावर म्हणून तो 'कोल्हा'. "ताई, पावती चकतीतून काडू का कोल्ह्यातून?" असं तिने विचारलं की नवखं गिऱ्हाईक दचकायचं.

शैलाने काम मनावर घेतलं. एकदा विचारलंच आहे तर उत्तर चोख द्यायचं, हा तिचा स्वभाव. लिहिण्याच्या बाबतीत तर ती फारच कडक होती. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलमधला ऱ्हस्व-दीर्घ तिच्या डोळ्यांखालून जायचा आणि राजेश्वरीच्या 'न्हाई'चं 'नाही' केल्यावरच मेल पुढे सरकायचा. तिने तीच बुकिंग तिन्हीकडे करून पाहिली. झेप झटक्यात उघडत होता. त्यांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चकतीला जरा धाप लागायची, तसं याचं नव्हतं. उघडलेली पानं बाजूला उभी मांडलेली दिसायची, तेही सोयीचं होतं. पण पावती छापायला घेतली की पाहुण्याचा फोन नंबर कागदाबाहेर जायचा, आणि जपून ठेवलेली बंगल्यांची पानं रोज सकाळी गायब व्हायची. शनिवार-रविवारच्या गर्दीत हे झालं आणि शैलाने डोक्याला हात लावला.

मग तिने झेपच्याच 'अभिप्राय' चौकटीत लिहिलं: "झेप लवकर उघडतो, हे मान्य. पण छपाई धड नाही आणि ठेवलेलं जागेवर सापडत नाही. याने माझ्या कामाची वाट लावली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही टिकले नाहीत. मी कोल्ह्याकडे परत जाते." 'पाठवा'वर बोट ठेवलं. पडद्यावर आलं: "धन्यवाद. आपलं लेखन सुधारून पाठवलं आहे."

"सुधारून?" शैला म्हणाली. "माझं लेखन?"

राजेश्वरी हसू दाबायला खाली वाकली. शैलाला वाटलं, एखादा अनुस्वार खाल्ला असेल मेल्याने. ती कोल्हा उघडून कामाला लागली आणि ती गोष्ट विसरूनही गेली.

भात पोटरीला आलं होतं, त्या दिवसांत वडिवळ्याचे दत्तोबा ऑफिसात आले. धरणाकडच्या त्यांच्या शेतात दोन खोल्यांचं घर होतं. ते पाहुण्यांना द्यायचं काम याच ऑफिसकडे. म्हातारा शांत, मोजून बोलणारा. त्या दिवशी मात्र खुर्चीवरही बसला नाही. त्याने खिशातून एक गुळगुळीत रंगीत कागद काढून शैलाच्या पुढ्यात ठेवला.

"ताई, ह्ये तुमी लिवलंय न्हवं?"

झेपची जाहिरात होती. वर शैलाचा फोटो, दिवाळीच्या पार्टीतला, आणि खाली अवतरणचिन्हांत मजकूर: "झेप लवकर उघडतो. याने माझ्या कामाला वाट दाखवली. नऊ दिवसांतच मी कोल्ह्याला विसरले. शैला बापट, ज्येष्ठ बुकिंग तज्ज्ञ, लोणावळा."

शैलाने ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण दत्तोबांचं अजून संपलं नव्हतं.

"तुमच्या सबदावर सुनेनं आमच्या कम्पुटरात घातलं. म्हनलं, शैलाताई उगाच कुनाला चांगलं म्हनत न्हाईत. मग एका पाव्हन्यानं इचारलं, गाडी दारापतुर येती का. म्या सुनेला सांगितलं, लिव, गाडी येत न्हाई, वाट लय वाईट हाय, पुलापाशी लावा, आमी घ्यायला येतो. तिनं तसंच लिवलं. आन् त्यास्नी काय गेलं ठावं हाय? वाट लय सुंदर हाय, गाडी दारापतुर येती."

"मग?"

"मग काय. आली मंडळी सुसाट, ती थेट खाचरात. भात आडवं झालं. त्याचं न्हाई येवढं, भात पुन्यांदा यील. पर त्यातल्या बाईनं माज्या बायकूसमोर, सुनंसमोर मला खोटारडा म्हनलं. मोबाईल दावला मला. ह्ये बगा तुमीच लिवलंय, म्हनली. आता म्या काय बोलनार?" त्यांनी टोपी सारखी केली. "जल्मात कुनी म्हनलं नव्हतं, ताई."

एवढं बोलून दत्तोबा गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांनी शैलाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. तिच्या नावावर विसंबून एका सरळ माणसाने घरात ती ब्याद घेतली होती, आणि त्याच्याच अंगणात तो खोटा पडला होता.

ती कागद घेऊन तडक दिगंबररावांच्या केबिनमध्ये गेली. दिगंबररावांनी चष्मा वर केला, कागद पाहिला आणि प्रसन्न हसले. हा माणूस म्हणजे गुळाचा गणपती. कुठून तोडावा तरी गोडच.

"छान आलाय की फोटो."

"हे मी लिहिलेलं नाही."

"अहो, थोडं पॉलिश केलं असेल. कौतुकच आहे ना?"

"कौतुक मी केलेलंच नाही. मी 'याने वाट लावली' म्हटलं, यांनी वाट दाखवली छापलं. उद्या मी कोणाला शिवी दिली तर तुमचा पुतण्या ओवी छापणार का?"

"जाऊ द्या हो, शैलाताई. मनाला लावून घेऊ नका. शनिवारी हॉलवर कार्यक्रम आहे झेपचा, सगळ्या बंगलेवाल्यांना बोलावलंय. तुम्हीही दोन शब्द बोला. श्रीयशने मुद्दाम सांगितलंय."

"बोलते," शैला म्हणाली. इतक्या शांतपणे म्हणाली की दिगंबररावांना हायसं वाटलं. माणसाला बायकांचा राग ओळखता येऊ नये म्हणजे कमालच आहे.

टेबलाशी आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे आणि वर त्याला सुधारणा म्हणायचं," ती म्हणाली. "निर्लज्ज कुठले."

राजेश्वरीने हातातल्या पावत्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "ताई, राग येऊ देऊ नका, पर तुमी बी माजं 'न्हाई' खोडून 'नाही' करताच की."

शैलाने तिच्याकडे पाहिलं. "मी 'न्हाई'चं 'नाही' करते. 'हो' नाही करत."

"त्ये बी खरं," राजेश्वरी म्हणाली आणि कामाला लागली. पण बोलणं शैलाच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

शनिवारी हॉल भरला होता. बंगलेवाले, फार्महाऊसवाले, परंदवडीपासून वडिवळ्यापर्यंतची माणसं. राजेश्वरी दत्तोबांना घेऊन आली होती. ते मागच्या रांगेत टोकाला बसले होते, उठून जायला सोपं पडावं असे. मंचावर मोठा पडदा होता आणि त्यावर तुलनेचा तक्ता. तीन रकाने: झेप, आणि शेजारी चकतीचं आणि कोल्ह्याचं चिन्ह. झेपच्या रकान्यात सगळीकडे हिरव्या खुणा, इतरांना लाल फुल्या. छपाईपुढेसुद्धा झेपला हिरवी खूण पाहून शैलाच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

श्रीयश मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, गोड बोलायचा, आणि आपण जगाचं भलं करतोय यावर त्याचा मनापासून विश्वास होता. अशा माणसांना आवरणं सगळ्यात अवघड. "आणि आता," तो म्हणाला, "आपल्या शैलाकाकू." पडद्यावर तिचा फोटो आला, खाली तो मजकूर आला, टाळ्या पडल्या.

शैला माईकशी गेली. "श्रीयश, मला हे यंत्र कसं चालतं ते लोकांना दाखवायचंय. मी सांगते ते झेपमध्ये लिही आणि पाठव."

श्रीयश खुलला. लगेच कीबोर्ड पुढे घेऊन बसला.

"लिही. दत्तोबांच्या खाचराची वाट लागली."

त्याने लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर उमटलं: "दत्तोबांच्या खाचराला वाट मिळाली." मावळातली माणसं ती. आधी एक जण फुसकन हसला, मग अख्खी रांग.

"आता लिही. श्रीयशने माझ्या नावाचे बारा वाजवले."

पडद्यावर आलं: "श्रीयशने बारा वाजता माझं नाव घेतलं." हॉल खो खो हसला. श्रीयशही हसला, पण त्याचे कान तापले होते. "काकू, म्हणी अजून थोड्या कच्च्या आहेत त्याच्या," तो म्हणाला. "बाकी आमची भाषा सकारात्मक असते. लोकांना नकार आवडत नाही ना, म्हणून आम्ही नकार तेवढा काढून टाकतो."

"तेवढाच काढतोस होय," शैला म्हणाली. "मग एक साधं वाक्य लिही. त्यात म्हण नाही, काही नाही. हे माझे शब्द नाहीत."

श्रीयशची बोटं क्षणभर थांबली. मग त्याने लिहिलं आणि बटण दाबलं.

"हे माझे शब्द आहेत."

या वेळी कोणी हसलं नाही. प्रत्येकाच्या घरात, ऑफिसात कोणी ना कोणी त्याच आठवड्यात कोणाला तरी 'नाही' म्हटलेलं होतं. जागा नाही, पाणी नाही, कुत्रा चालणार नाही, वाट नाही. ते 'नाही' पोचलं की नाही, हे आता कोणालाच सांगता येईना. पुढच्या रांगेतल्या एका बंगलेवाल्याने मोबाईल काढून आपले मेल चाळायला घेतले.

"सॉरी, काकू," श्रीयश म्हणाला. आवाज खरा होता. "मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर माफी मागतो." आणि सवयीने त्याने झेपमध्येच लिहिलं: आमची चूक झाली, माफ करा. बटण दाबलं. पडदा म्हणाला: "आम्ही खूप काही शिकलो, आभारी आहोत."

"बघ," शैला म्हणाली. "तुला साधी माफीसुद्धा मागू देत नाही तो. कोल्हा उघड."

"काकू, झेपच्या कार्यक्रमात मी तो कसा..."

दिगंबरराव मध्ये उठले, "शैलाताई, चहाची वेळ झालीय," असं काहीतरी म्हणाले आणि कोणीच उठत नाही हे पाहून परत बसले. तेवढ्यात मागून दत्तोबांचा आवाज आला, "उघड की रं, लेकरा. कुनी खात न्हाई तुला."

श्रीयशने कोल्हा उघडला. मोठ्या पडद्यावर कोरं पान आलं. त्याने शैलाकडे पाहिलं, काय लिहू अशा नजरेने. शैला माईकपासून बाजूला झाली. दुसऱ्याच्या तोंडात शब्द कोंबण्याचाच तिला राग होता, मग याच्या तोंडात तिने आपले का कोंबावेत? त्याने अडखळत, खोडत, पुन्हा लिहीत टाइप केलं: "दत्तोबा आजोबांनी खरंच लिहिलं होतं. वाट वाईट आहे असंच लिहिलं होतं. शैलाकाकूंनीही झेपला नावंच ठेवली होती. ते आम्ही बदललं. चुक आमची आहे."

बटण दाबलं. पडद्यावर एकही अक्षर हललं नाही.

मागच्या रांगेत दत्तोबांना ते राजेश्वरीने वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ते उठायच्या बेतात होते ते नीट टेकून बसले.

राजेश्वरी मंचाशी आली आणि शैलाच्या कानाशी लागली. "ताई, त्यानं 'चुक' ऱ्हस्व लिवलंय. दुरुस्त करायला सांगू का?"

"दिसलं मला," शैला म्हणाली. "असू दे. ती त्याची आहे."