पहिल्या ओळीवरची सही

दहा शिकलेली माणसं एका खोलीत बसवायची आणि त्यांच्या एका कागदावर सह्या घ्यायच्या, एवढंच काम होतं. हे सोपं आहे असं ज्याला वाटतं त्याने आमच्या करागांडा शहरात यावं आणि करून दाखवावं. मी तर कानाला खडा लावला आहे.

मी बागिला. इथल्या तांत्रिक संस्थेत सत्तावीस वर्षं शिकवते. कारखाने नवी यंत्रं विकत घेतात आणि मग वापरत नाहीत, असं का होतं, यावर नऊ वर्षं खपून मी प्रबंध लिहिला. अर्थशास्त्राच्या परीक्षक मंडळाने सांगितलं, यात यंत्रं फार आहेत, अभियंत्यांकडे जा. अभियंत्यांनी सांगितलं, यात एकही आराखडा नाही, अर्थशास्त्रवाल्यांकडे जा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी माझी गत. कारण काय, तर सरकारी विषयांच्या यादीत ‘तंत्रज्ञानाचं व्यवस्थापन’ असा विषयच नाही. यादी पाच वर्षांतून एकदा बदलते, आणि नवा विषय घालण्याचा अर्ज त्या विषयाच्या नोंदणी झालेल्या संस्थेनेच करायचा असतो. अशी संस्था आमच्या देशात नव्हती. म्हणून आम्ही ती काढायला निघालो. दहा संस्थापक, एक सनद, आणि शुक्रवारी पाचच्या आत नोंदणी कचेरीत कागद. मी त्रेपन्न वर्षांची आहे. पुढची यादी निघेल तेव्हा मी पेन्शनीत गेलेली असेन, म्हणजे ही वेळ हुकली की प्रबंध कायमचा कपाटात.

मी म्हटलं, विभागाच्या खोलीत जमू, अर्ध्या तासात सह्या करू. कुआनिशने कपाळाला हात लावला. कुआनिश म्हणजे अर्थशास्त्राचा विभागप्रमुख, माझ्याच वयाचा, मनाने सोन्यासारखा आणि कामाला दगड.

“अगं, कोरड्या टेबलावर कधी संस्था निघते का? बुधवारी दुपारी माझ्या घरी. मेंढा कापतो.”

“मेंढा कशाला? पेन आण.”

“आणि ओरेकेंना बोलवायला हवं.”

ओरेके म्हणजे ओराझबाय आगाय; वडीलधाऱ्याला आमच्याकडे आगाय म्हणतात. वय एक्क्याऐंशी, खाणयंत्रांच्या कारखान्याचे जुने मुख्य अभियंता, आणि अभियंत्यांच्या परीक्षक मंडळावर वीस वर्षं. मोठ्या माणसाचं पूर्ण नाव कोण घेतो, म्हणून सगळ्या गावाचे ते ओरेके.

“त्यांना हा विषय मान्य तरी आहे का?” मी विचारलं.

“विषयाचं काय घेऊन बसलीस! वडीलधारं माणूस नसेल तर लोक काय म्हणतील? आणि तुझा दहावा माणूस भाचीच्या लग्नाला पावलोदारला पळालाय. मोज बघू.”

मी मोजलं. ओरेकेंना धरून बरोबर दहा होत होते.

बुधवारी सगळे वेळेवर आले आणि दारातच अडकले. दारासमोरच्या मानाच्या जागेवर ओरेके बसले, ते ठीक. त्यांच्या शेजारी कोणी बसायचं? “तुम्ही मोठे.” “छे हो, तुम्ही दोन महिन्यांनी मोठे.” “पण तुमचं पद मोठं.” डॉक्टरेट झालेली माणसं एकमेकांना दंडाला धरून वर ढकलत होती आणि स्वतः दाराकडे सरकत होती. नमनालाच घडाभर तेल. बसेपर्यंत पाऊण तास गेला.

“आपण संस्था काढतोय की सोयरीक जमवतोय?” एल्झा गेन्रिखोव्ना माझ्या कानात पुटपुटली. ती संख्याशास्त्र शिकवते. तिच्या आईवडिलांना युद्धात व्होल्गाकाठच्या जर्मन वस्तीतून उचलून इथे आणून टाकलं. ती इथेच जन्मली, पण अजून प्रत्येक गोष्टीला घड्याळ लावते.

मग बेशबार्माकचं, म्हणजे उकडलेलं मांस आणि कणकेच्या पट्ट्यांचं, मोठं ताट आलं. मेंढ्याची मुंडी मानाची, ती रीतीप्रमाणे ओरेकेंसमोर ठेवली. त्यांनी सुरी घेऊन ती सावकाश कापायला घेतली आणि ज्याच्या त्याच्या हातावर तुकडा देऊ लागले. मी चहाच्या आधीच सनद वाचायला सुरुवात केली, नाहीतर संध्याकाळ झाली असती. चौदा पानं वाचली. कोणी ऐकलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. आता अध्यक्ष निवडायचा, मग सह्या.

“कुआनिश, तू हो,” मी म्हटलं.

“मी? माझी काय लायकी! रोमान व्लादिमिरोविच आहेत की.”

“अहो, माझी कसली थट्टा करता,” आमच्या दहातलेच रोमान व्लादिमिरोविच म्हणाले.

तीनदा नाही म्हटल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं आहे. पण आठ माणसं तीन-तीनदा नाही म्हणायला लागली की किती वेळ जातो, याचा हिशेब आमच्या पूर्वजांनी केलेला नव्हता. शेवटी कुआनिश म्हणाला, “ओरेके समोर बसलेले असताना दुसरं नाव घेणं बरं दिसतं का?” झालं. सगळ्यांची सुटका झाली. “ओरेके! अर्थात ओरेके! ओरेके!” जो तो त्यांच्याकडे बघून हात पुढे करू लागला.

ओरेके इतका वेळ मेंढ्याच्या जबड्यात गुंतले होते. त्यांनी मान वर केली. सगळे आपल्याकडे आशेने बघताहेत, आपलंच नाव घेताहेत, म्हणजे उठायची घाई झाली असेल, असा त्यांचा समज झाला. त्यांनी हात पुसले, दोन्ही तळवे उघडे धरले आणि जेवण संपल्याचा दुवा द्यायला सुरुवात केली.

“थांबा!” मी ओरडले. पण दुवा सुरू झाल्यावर कोण थांबतो? पोरंबाळं सुखी राहोत, घरातलं पान कधी रिकामं न राहो, देशात शांती नांदो. “आमीन,” सगळे म्हणाले, तोंडावरून हात फिरवले आणि उठले. दुवा झाल्यावर पानावर बसून राहणं म्हणजे यजमानाचा अपमान. कुआनिशच्या बायकोने प्रत्येकाच्या हातात घरच्यांसाठी मांस आणि गोड पुऱ्यांची पिशवी दिली. दहा मिनिटांत खोली रिकामी. संस्थापक दाराबाहेर, सनद माझ्या हातात आणि सही एकही नाही. मला मोठ्याने रडावंसं वाटलं.

एल्झा तेवढी बसून होती. “मी काही आमीन म्हटलेलं नाही, मी सही करते,” ती म्हणाली आणि तिने दुसऱ्या ओळीवर सही केली.

“पहिली ओळ का सोडलीस?”

“ओरेकेंच्या वर? मला या गावात अजून राहायचंय, बाई.”

गुरुवारी मी सात दारं फिरले. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी “उभ्याने जाऊ नकोस गं”, आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न: “ओरेकेंची सही झाली?” “व्हायचीय.” “मग मी खाली करतो.” संध्याकाळपर्यंत माझी धरून नऊ सह्या झाल्या आणि पहिली ओळ कोरीच राहिली. शेजारच्या प्राध्यापकाला विचारून ती भरून टाकू का, असं मी कुआनिशला फोनवर म्हटलं.

“ओरेकेंच्या जागेवर? मग माझी सही खोड आधी,” तो म्हणाला. त्याला असं कडक बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी ओरेकेंच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्यांनी स्वतः चहा ओतला, चष्मा लावला, कागद जवळ घेतला आणि परत माझ्याकडे सरकवला.

“मी नाही सही करणार, पोरी. हे काही शास्त्र नव्हे.”

दोन दिवसांचा चहा माझ्या डोक्यात उकळला. “मग परवा मुंडी कशाला खाल्लीत, आगाय?”

मोठ्या माणसाशी असं बोलल्याबद्दल माझ्या आईने मला लाटण्याने मारलं असतं. ओरेकेंनी मात्र माझा चहा पुन्हा भरला.

“दिली म्हणून खाल्ली. कशासाठी दिली हे कोणी सांगितलंच नाही.”

“मी चौदा पानं वाचली!”

“मला डाव्या कानाने ऐकू येत नाही गं. तू डावीकडे बसली होतीस.” त्यांनी आपला चहा बाजूला सरकवला. “चार वर्षांपूर्वी तुझ्या प्रबंधाच्या विरोधात चिठ्ठी टाकली होती मी. तोही वाचला नव्हता. एवढा जाडा ग्रंथ आणि त्यात एक आराखडा नाही, म्हणाले सगळे. मीही टाकली. या वेळी न वाचता काही करणार नाही. आहे तुझ्याजवळ?”

तो माझ्या पिशवीत नेहमीच असतो. पण माझा हात पुढे होईना. तिसरं प्रकरण त्यांच्याच कारखान्यावर होतं. नाव मी कुठेच लिहिलं नव्हतं, पण न ओळखायला ते काही दूधखुळे नव्हते. न द्यावा तर सही नाही, द्यावा तर सही नक्कीच नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मी प्रबंध टेबलावर आपटलाच, ठेवला असं म्हणवत नाही.

त्यांनी चाळून नेमकं तिसरं प्रकरण काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. साडेबारा झाले. एक झाला. ओठ हलत होते, बोट एकेका शब्दावर थांबत होतं. शहात्तर साली जर्मनीहून चौदा लेथ आली. खोकी अकरा वर्षं गोदामात बंद राहिली. जुने कारागीर त्यांना घाबरत होते आणि हे मुख्य अभियंत्याला सांगायची कोणाची छाती नव्हती. त्यानेही कधी विचारलं नाही. दोन वाजले. मी तीनदा चहा गरम केला आणि मनातल्या मनात सगळ्या विद्वानांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

अडीचला त्यांनी प्रबंध मिटला.

“हे चुकीचं आहे,” ते म्हणाले.

संपलं सगळं, मी मनात म्हटलं. कागद गोळा करायला लागले.

“अकरा नव्हे. तेरा वर्षं.”

“आगाय, मी गोदामाची वही पाहिलीय. सत्त्याऐंशी साली खोकी उघडली असं त्यात लिहिलंय.”

“लिहिलंय. मीच लिहिलंय. वरून तपासणी येणार होती.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “खरी उघडली एकोणनव्वदला. तोवर आत गंज चढला होता. चौदातली पाच चालली. इतकी वर्षं कोणी विचारलंच नाही, तर सांगणार कोणाला?”

मग त्यांनी सनद ओढून घेतली आणि पहिल्या ओळीवर, जुन्या पद्धतीची, वेलांटीवाली लांबलचक सही केली.

“पण प्रबंध असा मंडळापुढे आणू नकोस. आधी तेरा कर. नाहीतर मी पुन्हा विरोधात चिठ्ठी टाकीन, वाचून.”

अकराचे तेरा म्हणजे नुसता एक आकडा नव्हे. तिसऱ्या प्रकरणातली सगळी कोष्टकं, चौथ्यातली तुलना, शेवटचे निष्कर्ष, सगळं नव्याने. वर्षभराचं काम. कचेरीत कागद देऊन मी बाहेर पडले तेव्हा साडेचार वाजले होते. पायरीवर बसले आणि पिशवीतून तिसरं प्रकरण काढलं. भर रस्त्यात डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून शिव्या. नऊ वर्षं खपून लिहिलेलं ते पुस्तक कोणीतरी पहिल्यांदाच वाचलं होतं.