हनुमंत हसला की

हनुमंत हसला की नूतनचं तोंड उतरायचं.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय बाई आहे ही! नवऱ्यानं दारू सोडून अकरा महिने झाले, पोरीला रोज शाळेत पोचवतो, घरात भांडण नाही, आणि हिला त्याचं हसू खुपतं. पण तिच्या जागी राहून बघावं. बारा वर्षांच्या संसारात हनुमंत हसला तो फक्त पिऊन. ओढ्यापलीकडून त्याचं गाणं ऐकू आलं की नूतन चुलीवरचा तवा उतरवायची, शेफालीला उचलायची आणि चुलत सासू अंबूबाई हिच्या घरात जाऊन आतून कडी लावायची. गाणं जितकं मोठं, तितकी रात्र वाईट. तिचा हा अंदाज कधीच चुकला नव्हता.

गेल्या श्रावणात पुण्याहून येताना तो कापूरहोळला उतरला. आठ वर्षांची शेफाली बरोबर होती. तिला एका ढाब्याच्या बाकावर बसवून तो 'आलोच' म्हणून गेला आणि पिऊन एकटाच भोरच्या एसटीत चढला. पोर आठवली ती भोरच्या स्टँडवर. परत जाऊन बघतो तर ती तीन तास तिथंच, दप्तर पोटाशी धरून बसलेली. रडलीसुद्धा नव्हती. "मला म्हाईत व्हतं तुमी इसरणार," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. आणि त्याच दिवसापासून तो गप्प झाला. राबायचा, जेवायचा, झोपायचा. नूतनला ते गप्प राहणं गोड लागलं. गप्प माणूस म्हणजे शुद्धीतला माणूस, असं तिनं मनाशी धरून ठेवलं. तरीपण रोज संध्याकाळी टॉवेल घ्यायच्या निमित्तानं ती त्याच्या अगदी जवळ जायची आणि हळूच श्वास ओढून घ्यायची. त्याला ते कळत नाही, अशी तिची समजूत होती.

अशात भात लावायचे दिवस आले, आणि त्याबरोबर इर्जिक आली. आज सगळ्यांनी मिळून याच्या खाचरात राबायचं, उद्या त्याच्या. मजुरी नाही, पण ज्याचं खाचर त्यानं दुपारी पोटभर मटण घालायचं आणि बाप्यांपुढं दारूचा कॅन ठेवायचा, ही आजवरची रीत. नूतननं आपल्या इर्जिकीला कॅनऐवजी शिरा केला होता. चारपाच जणांनी तोंडं वाकडी केली, पण शेजारचा गेनबा दिवसभर वाकून लावून गेला. आता गेनबाच्या खाचराची पाळी होती. जाणं भाग होतं.

"मी एकलीच जाते," ती सकाळी म्हणाली. "तुमी म्हशीकडं बघा."

"गेनबा माज्यासाठी आला व्हता," हनुमंत म्हणाला आणि प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन पुढं निघाला.

धरणाचं पाणी खाली पसरलेलं, वर डोंगराच्या कडेला गेनबाची खाचरं. बायका वरच्या खाचरात, बाप्ये खालच्या. नूतन लावत होती ती हातानं; डोळे सगळे खाली. पावसाची सर आली की माणसं नुसती वाकलेल्या खोळी व्हायची आणि त्यातली त्याची कुठली ते ओळखू येईना. मग सर जाईपर्यंत तिचा जीव टांगणीला.

"अगं, रोपं उलटी लावशील," अंबूबाई म्हणाली. "पळून न्हाई जात त्यो."

"मला आज धीरच न्हाई, आत्याबाई."

"तुला धीर कंदी व्हता?"

दुपारी जेवणं झाली. बायका पडवीत बसल्या. बाप्ये पलीकडं गोठ्यात, कॅन त्यांच्यातच. मधे कुडाची भिंत. पलीकडून भांड्यांचे आवाज, खिदळणं. हनुमंताचा आवाज काही त्यात नव्हता. म्हणजे बसला तर आहे, पण गप्प. गप्प आहे तर बरं. का तोंडाला भांडं लावलंय म्हणून गप्प? दहा वेळा ती उठली आणि दहा वेळा बसली. आत जाऊन बघितलं तर चारचौघांत त्याची अब्रू जायची. न बघावं तर हिचा जीव जायचा. बायका उठल्या तशी तीही उठली, आणि पुन्हा वरच्या खाचरात उतरली.

अर्धा तास झाला असेल. खालून भलरी सुरू झाली. इर्जिकीत कुणीतरी गाणं सांगतो, बाकीचे ओढतात, त्याला भलरी म्हणतात. त्यात काही नवल नाही. नवल आवाजाचं होतं; तो हनुमंताचा होता.

"गेनबाचं खाचर, चिखल गुडघाभर गं,
मालक बसला बांधाला, पाव्हणं राबती वर गं!"

सगळं खाचर हसलं. हसण्यात सर्वांत मोठा हनुमंत.

नूतनच्या हातातली रोपांची मूठ गळून पडली. अकरा महिने गेले, ती मनात म्हणाली. गेले. आता कडी, आता अंबूबाईचं घर, आता शेफाली पुन्हा कुठल्यातरी बाकावर. ती खाली निघाली. अंबूबाई मागून हाका मारत होती, पण ऐकतंय कोण! दोनदा बांधावरून घसरली, कोपरं फुटली, आणि चिखलानं भरलेली तशीच खालच्या खाचराच्या कडेला जाऊन उभी राहिली.

हनुमंतानं वर बघितलं. तोंडातली ओळ तिथंच थांबली. भलरी ओढणाऱ्यांनी माना वर केल्या.

ती चिखलात उतरून थेट त्याच्यापुढं गेली. श्वास ओढला. दारूचा वास होता. पण तो कुठं नव्हता? शेजारच्याच्या अंगाला होता, पलीकडच्याच्या होता, सगळं खाचरच घमघमत होतं. ज्या नाकावर अकरा महिने भिस्त ठेवली, ते ऐन वेळी कुचकामी ठरलं.

"वैनी," बांधावरून गेनबा हात नाचवत म्हणाला, "त्येनं शिवली न्हाई! आईशप्पत!" आणि त्याच झोकात तो मागं चिखलात बसला. तेव्हा त्याची साक्ष काय धरायची?

"घेतली न्हाई म्या," हनुमंत हळू म्हणाला. "शपथ घालू नको. घेतली न्हाई."

"मंग गाताय कशापायी?"

त्यानं हातातल्या रोपांकडं बघितलं. "आलं गाणं. बारा-तेरा वरसांचा असल्यापासनं सांगतोय भलरी. तवा काय पीत व्हतो का? आज वाकलो आन एकदम बरं वाटलं, नूतन. लई दिसांनी." त्यानं रोपांच्या मुळांचा चिखल झटकला. "पर घरात मी हसाया गेलो की तुजं त्वांड उतरतं. टावेल घ्याया येतीस, तवाबी कळतं मला. म्हनून गप बसतो. दारू सोडली ती जगायसाठी. आसं गप बसून जगणं मला न्हाई झेपायचं. एक दिस परत जाईन तिकडंच."

एवढं बोलून तो वाकला आणि लावायला लागला. गाण्याशिवाय. बाकीचेही लावायला लागले. सगळी इर्जिक मुकी झाली.

नूतन तशीच उभी. हे तर ती घरी रोज बघत होती. ही वाकलेली पाठ, हे मिटलेलं तोंड. तिला तेच सुख वाटत होतं. आज पहिल्यांदा तिला त्या गप्प राहण्याची भीती वाटली, आणि त्याच्या गाण्याची भीती होती ती होतीच. दोन्हीकडं भीती. यातली कुठली घेऊन घरी जायचं, एवढंच तिच्या हातात होतं. तो खरं बोलतोय का, हे सांगणारं तिच्याजवळ काही नव्हतं.

तिनं चिखलातून रोपांची एक मूठ उचलली आणि त्याच्या शेजारी वाकली.

"पुढचं म्हना," ती म्हणाली.

हनुमंतानं मान वळवली. "भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय." तिनं लावलेलं रोप सरळ उभं राहीना. "लई वाटतंय. तरी म्हना."