वकीलताईंची उसवलेली बॅग

मित्रांनो, माझ्या कडा झिजल्या आहेत, एक बक्कल कधीच गळून पडले आहे. मी वकीलताईंची जुनी चामडी बॅग. एका म्हाताऱ्या कारागिराने मला हाताने शिवले, आणि ताईंना सनद मिळाली त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी मला घरी आणले.

माझ्या पुढच्या कप्प्यात कोर्टाची कागदपत्रे असत. मागच्या कप्प्यात शिट्ट्या, फुटबॉलच्या पंपाची सुई, क्रेप बँडेज आणि खेळाडूंचे अर्ज. ताई मुलींच्या फुटबॉल स्पर्धेच्या मानद सचिव होत्या. दुपारी न्यायाधीशांपुढे उभ्या राहणाऱ्या ताई संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसून अर्ज तपासत. "तुझे हे पक्षकार म्हणजे सगळे चिखलात लोळणारे!" असे त्यांची आई चिडवायची, आणि माझ्या तळाचा चिखल स्वतःच पुसायची.

एका वर्षी मागच्या कप्प्यात माझे अस्तर उसवले. ताईंना दुरुस्तीला सवड नव्हती आणि मला बोलता येत नव्हते.

त्या वर्षीचा अंतिम सामना ताईंच्या धाकट्या भावाच्या संघाने जिंकला. तो त्या संघाचा प्रशिक्षक होता. शेवटची शिट्टी वाजते न वाजते तोच दुसऱ्या संघाचे व्यवस्थापक, एक निवृत्त पोस्टमास्तर, पुढे आले.

"तुमच्या गोलकीपरचं नाव यादीतच नाही. नोंदणी नसताना ती खेळली कशी?"

ती मुलगी हातमोजे न काढताच रडू लागली. तिची आई शिवणकाम करायची. ती आईच पुढे येऊन म्हणाली, "वकीलताई, मी मुदतीच्या आधी अर्ज तुमच्या हातात दिला होता. कोर्टाच्या जिन्यावर."

ताईंना काही केल्या आठवेना. भाऊ कळवळून म्हणाला, "ताई, काहीतरी कर ना!"

"संघ तुझा आहे, म्हणून निकालाला मी बसणार नाही. समितीतले बाकीचे दोघं ठरवतील."

मग त्यांनी सगळ्यांसमोर मला टेबलावर पालथे केले. अर्ज माझ्याच पोटात होता! ताईंची बोटे अस्तराच्या फटीत शिरली आणि चुरगळलेला कागद बाहेर आला. त्यावर ताईंनीच अर्ज मिळाल्याची तारीख लिहिली होती. मुदतीच्या दोन दिवस आधीची.

भाऊ टाळ्या वाजवू लागला. ताईंनी त्याला थांबवले. "बॅग माझी, अक्षर माझं, संघ माझ्या भावाचा. समोरच्या वकिलानं असा पुरावा आणला असता तर मी त्याची पिसं काढली असती. चूक माझी आहे. तिची शिक्षा मुलींना नको, पण फायदाही नको."

समितीने सामना पुन्हा खेळवला. भावाचा संघ एका गोलने हरला. पण त्या मुलीने पेनल्टी अडवली तेव्हा टाळ्या दोन्हीकडून पडल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी समितीकडे सचिवपदाचा राजीनामा दिला. पोस्टमास्तर तो समितीकडून मागून घेऊन त्यांच्या दारात आले. "हे पत्र चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं," ते म्हणाले. "स्वतःच्याच विरुद्ध उभा राहणारा वकील आम्ही दुसरा कुठून आणायचा?" ताई हसल्या आणि त्यांचे डोळेही भरून आले.

गोलकीपरच्या आईने मला मांडीवर घेऊन जाड दोऱ्याने शिवले. तो टाका आजही पक्का आहे.

मित्रांनो, तुमच्याही मैदानावर कोणीतरी स्वतःचे काम आटोपून, दमून, तुमच्यासाठी येत असेल. सामना संपला की लगेच घरी पळू नका. त्यांच्याजवळ जा आणि एवढेच विचारा, "बॅग मी धरू का?"